२८५, ३० की २५? हार्डनेसच्या आकड्यांची अदलाबदल आणि अडकलेल्या २४० पिना

साकीनाका_गाळा | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. वडिलांनी सुरू केला, आता मी बघतो. गेले आठ दिवस एका प्रश्नाने झोप उडाली आहे, म्हणून हा धागा काढतोय.

ईएन१९ या मिश्र पोलादाच्या पिना होत्या. व्यास ३८ मिमी, लांबी १५० मिमी, २४० नग. ड्रॉइंगवर लिहिलं होतं 'हार्डन आणि टेम्पर, २८ ते ३२ एचआरसी', म्हणजे भट्टीत कडक करून हार्डनेस रॉकवेलच्या सी स्केलवर एवढा हवा. टर्निंग आमच्याकडे केलं आणि माल वसईला भट्टीवर दिला. भट्टीवाल्याने परत देताना चलनासोबत रिपोर्ट दिला, त्यावर एकच आकडा, तोही हार्डनेसच्या दुसऱ्या मापात: ब्रिनेल २८५. मी मोबाइलवरच्या कन्व्हर्जन ॲपमध्ये २८५ टाकले, ३० एचआरसी आले. बरोबर मधोमध. समाधानाने टेम्पो भरून माल ठाण्याला पाठवला.

पार्टीच्या इन्स्पेक्टरने हातात धरायचं पोर्टेबल मशीन लावलं. टक टक पाच ठिकाणी. स्क्रीनवर २४, २५, २६ एचआरसी. अख्खा लॉट रिजेक्ट.

भट्टीवाला म्हणतो माझं मशीन बरोबर आहे, ठसा अजून पिनवर आहे, येऊन बघा. पार्टी म्हणते आमचं मशीन नवीन आहे, सर्टिफिकेट आहे. तेच ॲप उलटं वापरलं तर २५ एचआरसी म्हणजे ब्रिनेल २५३ येतं. २८५ कुठे आणि २५३ कुठे! परत हार्डनिंग करायचं म्हटलं तर पिना वाकण्याची भीती, आणि दुसऱ्यांदा भट्टीचे पैसे माझ्याच खिशातून. यातला कुणाचा आकडा खरा मानायचा?

भट्टीकाका | सोमवार, रात्री १०:५०

मी ३४ वर्षं हीट ट्रीटमेंटमध्ये काढली, आता निवृत्त आहे. आधी मला चार गोष्टी सांगा. ब्रिनेलचा ठसा पिनच्या कुठल्या भागावर आहे, गोल अंगावर की टोकाला? ठसा घेण्याआधी तिथे घासून सपाट केलं होतं का? पार्टीने पोर्टेबल लावताना पिन कशावर ठेवली होती? आणि पिना तुम्ही फायनल साइजला दिल्या की ग्राइंडिंगला माल शिल्लक आहे?

भट्टीतून निघालेल्या मालाचं कातडं आणि आतलं मांस सारखं असेलच असं नसतं. म्हणून विचारतोय.

साकीनाका_गाळा | सोमवार, रात्री ११:२०

काका, ठसा टोकाच्या चेहऱ्यावर आहे, तिथे हँड ग्राइंडरने घासलेलं दिसतं. पार्टीने पिन लाकडी टेबलावर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवली होती आणि मशीन गोल अंगावर लावलं. अंग फक्त एमरीने पुसून काळा थर काढला होता, बाकी काही नाही. ग्राइंडिंगला व्यासावर अर्धा मिलिमीटर ठेवला आहे, फायनल ग्राइंडिंग पार्टी स्वतः करते.

धातुवेल | मंगळवार, सकाळी ७:४०

मी माटुंग्याला मेटलर्जी शिकले आणि सध्या एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. दादा, तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती आधी सांगते. भांडण एचआरसीवर चाललंय, पण या सगळ्या प्रकरणात एचआरसी कुणीच मोजलेला नाही. भट्टीवाल्याने ब्रिनेल मोजलं आणि तुमच्या ॲपने त्याचं एचआरसी केलं. पार्टीच्या मशीनने उसळी मोजली आणि त्याच्या आतल्या तक्त्याने एचआरसी दाखवलं. मापं दोन, भाषांतरं दोन, आणि तुम्ही भाषांतरांची तुलना करताय.

प्रत्येक पद्धत नक्की काय करते ते बघा.

ब्रिनेल ही स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडलेली पद्धत. पोलादासाठी १० मिमीची गोळी ३००० किलोच्या भाराने दाबायची, भार काढायचा, मग खळग्याचा व्यास मायक्रोस्कोपने वाचायचा. भार भागिले खळग्याच्या वक्र पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, तो आकडा. हल्ली गोळी टंगस्टन कार्बाइडची असते म्हणून एचबीडब्ल्यू लिहितात.

रॉकवेल क्षेत्रफळ बघतच नाही, खोली बघतं. ह्यू रॉकवेल आणि स्टॅनली रॉकवेल या दोघांनी अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये १९१४ ला पेटंटसाठी अर्ज केला. त्यांना बेअरिंगच्या रेस पटापट तपासायच्या होत्या, मायक्रोस्कोप लावत बसायला वेळ नव्हता. सी स्केलमध्ये १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू, आधी १० किलोचा भार देऊन शून्य धरायचं, मग एकूण १५० किलो, मग जादा भार काढून वाढलेली खोली मोजायची. ०.००२ मिमी खोलीला एक अंक, आणि तो १०० मधून वजा. म्हणजे ३० एचआरसी म्हणजे ७० गुणिले ०.००२, ०.१४ मिमी.

पोर्टेबल म्हणजे लीब. डीटमार लीब यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत काढली. नेहमीच्या डी प्रकारात ३ मिमीची कार्बाइडची गोळी असलेला छोटा हातोडा स्प्रिंगने आपटतो आणि मागे उसळतो. उसळण्याचा वेग भागिले आपटण्याचा वेग, गुणिले १०००. एवढंच ते मोजतं. त्यापुढे स्क्रीनवर दिसणारं एचआरसी, एचबी (ब्रिनेल), एचव्ही (विकर्स) हे सगळं मशीनमध्ये साठवलेल्या तक्त्यातून येतं. त्यातही मटेरियल कुठलं निवडलंय यावर तक्ता बदलतो.

आता तुमची पिन. वजन काढलं, साधारण १.३ किलो भरतं. डी प्रकारच्या लीबला ५ किलोच्या वरचा जॉब थेट चालतो. २ ते ५ किलोचा जॉब जड आधारावर नीट टेकवावा लागतो. २ किलोच्या खालचा तर पेस्ट लावून जड प्लेटला चिकटवावाच लागतो. नाही तर हातोडा आपटल्यावर जॉब स्वतःच हलतो, उसळीतली ताकद त्यात जाते आणि आकडा कमी येतो. लाकडी टेबलावरचा व्ही-ब्लॉक या कामाचा नाही. शिवाय ३० मिमीपेक्षा कमी त्रिज्येच्या गोल अंगावर वेगळी सपोर्ट रिंग लावायची असते. तुमची त्रिज्या १९ मिमी.

अनुभवी_फोरमन | मंगळवार, सकाळी ९:०५

ताई, सगळं मान्य आहे. पण कन्व्हर्जनवर एवढा अविश्वास दाखवू नका. आमच्या भांडुपच्या कारखान्यात भिंतीवर तक्ता होता, तीस वर्षं त्यावरच काम चाललं. ईएन८, ईएन१९, ईएन२४, हार्डन-टेम्पर केलेला माल, ब्रिनेल घेतलं की तक्त्यातून रॉकवेल बघायचं. नंतर खरंच रॉकवेल लावलं तर एखाद्या अंकाचा फरक. इतक्या वर्षांत तक्त्याने मला फसवलं नाही.

फसवलं असेल तर ठसा वाचणाऱ्याने. ३.६० मिमी व्यास म्हणजे २८५. ३.५५ वाचला तर २९३, ३.६५ वाचला तर २७७. सकाळच्या पाळीचा पोरगा आणि रात्रपाळीचा पोरगा यांच्या वाचण्यात एवढा फरक मी डोळ्यांनी बघितलाय. म्हणून आमच्याकडे नियम होता: व्यास दोन दिशांनी वाचायचा, एकमेकांना काटकोनात, आणि सरासरी घ्यायची. मी स्वतः मायक्रोस्कोपच्या काचेत ठशाची कड कुठे धरायची हे पोरांना शेजारी बसवून शिकवलंय. कडेला धातू थोडा वर उचललेला असतो, त्याची चकाकी दिसते. नवखा माणूस त्या चकाकीच्या बाहेरून वाचतो आणि माल मऊ ठरवतो.

धातुवेल | मंगळवार, दुपारी १:२०

फोरमनकाका, तुमचं म्हणणं त्या मालापुरतं अगदी बरोबर आहे. तुमच्या भिंतीवरचा तक्ता ज्या पोलादांच्या चाचण्यांवरून तयार झाला, तुमचा माल त्याच जातीचा होता. कार्बन आणि लो-अलॉय पोलाद, एकसारखं हार्डन-टेम्पर केलेलं, सपाट आणि स्वच्छ पृष्ठभाग. तिथे तक्ता चांगला बसतो. अशा तक्त्यांची मानकं आहेत: आपल्याकडे आयएस ४२५८, बाहेर एएसटीएम ई१४० आणि आयएसओ १८२६५. त्यातले थोडे आकडे देते, सगळे पोलादाचे. यात विकर्स ही तिसरी पद्धत, हिऱ्याचा पिरॅमिड दाबून मोजायची.

२० एचआरसीला विकर्स २३८, ब्रिनेल २२६. ३० ला ३०२ आणि २८६. ४० ला ३९२ आणि ३७१. ५० ला विकर्स ५१३. ६० ला ६९७. ६५ ला ८३२.

यात अंतरं बघा. २० ते ३० एचआरसीमध्ये एका अंकाला ६.४ विकर्स पडतात. ६० ते ६५ मध्ये एका अंकाला २७. म्हणून 'एचआरसीला दहाने गुणा' वगैरे तोंडी हिशेब मधल्या पट्ट्यात जमल्यासारखा वाटतो आणि टोकांना कोसळतो.

विकर्स आणि ब्रिनेल खालच्या बाजूला जवळजवळ सारखे येतात, १८५ विकर्सला ब्रिनेलही १८५, हा योगायोग नाही. १९२१ मध्ये विकर्स कंपनीतल्या स्मिथ आणि सँडलँड यांनी हिऱ्याच्या पिरॅमिडचा कोन १३६ अंश ठरवला तो ब्रिनेलच्या आदर्श ठशाशी जुळावा म्हणूनच. ठशाचा व्यास गोळीच्या ०.३७५ पट असेल तेव्हा कडेला जो कोन होतो, तोच हा १३६.

तक्त्याला टोकंही असतात. २० एचआरसीच्या खाली सी स्केल वापरायचाच नाही, तिथे रॉकवेलचाच बी स्केल, आणि बी स्केल १०० च्या वर नाही. एचबीडब्ल्यू ६५० च्या वर नाही. ॲपला मात्र हे कळत नाही. १४० ब्रिनेल टाकलं तरी ते एचआरसीचा काहीतरी आकडा काढून देतं, कारण त्याला सूत्र दिलेलं असतं आणि सूत्र थांबत नाही. माझ्याकडे असे रिपोर्ट आलेत ज्यावर ६ एचआरसी लिहिलेलं होतं, खाली सही आणि शिक्का.

पंपदुरुस्ती_कुर्ला | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

माझा अनुभव लिहितो. आम्ही पंपाचे शाफ्ट बनवतो, बरेचसे ३०४ आणि ३१६ मध्ये. एका शाफ्टचं पोर्टेबलने रीडिंग घेतलं. मशीन साध्या पोलादाच्या सेटिंगवर होतं. पार्टीने ड्रॉइंगच्या मर्यादेत नाही म्हणून परत पाठवला. तोच शाफ्ट लॅबमध्ये नेला, ब्रिनेल काढलं, मर्यादेत होता. तेव्हापासून मी मटेरियलचं सेटिंग बघितल्याशिवाय कुणाला टक करू देत नाही. पण स्टेनलेसला वेगळा तक्ता का लागतो हे नीट समजून घ्यायचं आहे. धातू कडक तो कडक, त्यात जात कशाला?

धातुवेल | मंगळवार, रात्री ९:१०

दादा, ३०४ चा पत्रा हाताने वाकवून बघितलाय ना? पहिल्यांदा वाकतो, त्याच जागी परत सरळ करायला गेलात की दुप्पट जोर लागतो. दबता दबता तो कडक होत जातो. हार्डनेसचा ठसा म्हणजे धातू दाबणंच. गोळी किती दाबते, शंकू किती दाबतो, पिरॅमिड किती दाबतो हे वेगवेगळं आहे, त्यामुळे प्रत्येकाच्या खाली धातू वेगवेगळा कडक झालेला असतो. हार्डन-टेम्पर केलेलं ईएन१९ दाबल्यावर फारसं आणखी कडक होत नाही, म्हणून तिथे सगळ्या पद्धतींची गोष्ट जुळते. ३०४ मध्ये जुळत नाही. लीबमध्ये तर धातूची लवचीकताही मध्ये येते: हातोड्याला परत फेकतो तो लवचीकपणाच.

म्हणून एएसटीएम ई१४० मध्ये एकच तक्ता नाही. साध्या पोलादांचा वेगळा, ऑस्टेनिटिक (३०४, ३१६ सारख्या) स्टेनलेसचा वेगळा, निकेलचा वेगळा, काडतुसी पितळेचा वेगळा, तांब्याचा वेगळा, ॲल्युमिनियमचा वेगळा. ज्या धातूचा तक्ता नाही त्याला शेजारच्या धातूचा लावायचा नाही.

टूलरूम_विक्रोळी | बुधवार, सकाळी ८:१५

केस हार्डनिंगवाल्यांसाठी एक अनुभव. छोटे गिअर, केस म्हणजे वरचा कडक केलेला थर जेमतेम ०.४ मिमी, ड्रॉइंगवर ५८ ते ६२ एचआरसी. आमच्या माणसाने सरळ १५० किलोवर रॉकवेल लावलं, ५३ आलं. भट्टीवाल्याला फोन, आरडाओरडा, माल परत. एका जुन्या टूलमेकरने कानस घेतली आणि दातावर फिरवली. कानस घसरली, एक कणही निघाला नाही. तो म्हणाला दात कडक आहे, तुमचा हिरा केस फोडून खाली मऊ गाभ्यात उतरतोय.

मग रॉकवेलचंच हलक्या भाराचं १५एन स्केल लावलं, १५ किलोचा भार. ९० आलं. तक्त्यात १५एनचे ९०.२ म्हणजे ६० एचआरसी. म्हणजे इथे कन्व्हर्जननेच वाचवलं, आणि थेट 'एचआरसी मोजा' म्हणणाऱ्याने घोळ घातला होता. फोरमनकाकांच्या बाजूने हेही नोंदवून ठेवावं असं मला वाटतं.

भट्टीकाका | बुधवार, सकाळी ९:४०

विक्रोळीकर, हे फार मोलाचं सांगितलंत. ठसा जितका खोल, त्याच्या निदान दहापट जाडीचा एकसारखा धातू हिऱ्याखाली हवा. पातळ केसवर हलका भारच लागतो. रिपोर्टवर मात्र '९० एचआर१५एन' हे पहिलं लिहायचं, ६० मागाहून.

साकीनाकाकर, आता तुमच्या पिनांबद्दल माझा अंदाज. मी कातडं आणि मांस म्हटलं होतं ते इथे लागू पडतं. भट्टीत हवेचं नियंत्रण नीट नसेल तर पृष्ठभागाचा कार्बन जळून जातो. त्याला आम्ही डीकार्ब म्हणतो. वरचा दशांश-दोन दशांश मिलिमीटर थर मऊ, आत माल चोख. आता हिशेब मांडा. ब्रिनेल २८५ चा खळगा किती खोल? ३००० भागिले पाय गुणिले १० गुणिले २८५. ०.३३ मिमी. शिवाय तो घासलेल्या जागेवर. रॉकवेल ३० ला ०.१४. आणि लीबच्या गोळीची खूण अर्ध्या मिलिमीटरची असते, खोली जेमतेम ०.०२ मिमी. म्हणजे भट्टीवाल्याने मांस तपासलं आणि पार्टीने कातडं. दोघेही खोटं बोलत नसतील.

एक पिन कापा आणि आडव्या छेदावर विकर्स घेत आत जा. पाच-सातशे रुपयांकडे बघू नका, २४० पिनांचा प्रश्न आहे.

व्हॉल्व्ह_महापे | बुधवार, दुपारी ४:००

धागा चांगला चाललाय म्हणून आमच्या क्षेत्रातली गोष्ट लिहितो. तेल-वायूच्या लाइनमध्ये हायड्रोजन सल्फाइड असेल तर साध्या पोलादाला २२ एचआरसी ही वरची मर्यादा असते, आयएसओ १५१५६ मध्ये. त्याच्यावर गेलात तर पोलाद त्या वायूत अचानक तडकू शकतं. वेल्डला २५० विकर्स. तक्त्यात २२ एचआरसी म्हणजे २४८ विकर्स, ब्रिनेल २३७. आता गंमत नाही, जिवाचा प्रश्न आहे: २२ हा आकडा सी स्केलच्या अगदी तळाशी, २० ला स्केल संपतो. तिथे दोन अंकांचा फरक कुठल्याही मशीनमध्ये येतो. म्हणून आम्ही बॉडी कास्टिंग ब्रिनेलने तपासतो, वेल्ड आणि हीट झोन (वेल्डच्या शेजारचा तापलेला भाग) विकर्सने, आणि मर्यादाही त्याच स्केलमध्ये मागून घेतो. २३५ ब्रिनेल आलं, मग 'चला, २२ च्या आत आहे' असं म्हणून सही करणारा माणूस आमच्याकडे नको.

अनुभवी_फोरमन | बुधवार, संध्याकाळी ६:२०

महापेवाल्यांचं पटलं. मर्यादेच्या काठावर तक्ता वापरायचा नाही, एवढी भर मी माझ्या म्हणण्यात घालतो. मधोमध आला आकडा तर तक्ता पुरे, काठावर आला तर ज्या स्केलमध्ये मागितलंय त्यातच मोजायचं.

साकीनाका_गाळा | शनिवार, रात्री ९:३०

मंडळी, आज सगळं झालं. सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सगळ्यांच्या वेळेचं ऋण आहे.

चार पिना पिशवीत घातल्या. पाच किलोच्या वर वजन. मेट्रोच्या तपासणीत पिशवी उघडायला लावली, चलन दाखवलं, सोडलं. घाटकोपरला लोकल पकडून माटुंग्याच्या एका लॅबमध्ये गेलो. पार्टीच्या इन्स्पेक्टरलाही बोलावलं होतं. तो त्याचं मशीन घेऊन आला याबद्दल त्याचे मनापासून आभार, तो नाही म्हणू शकला असता.

आधी त्याच्या मशीनने ठाण्यासारखंच रीडिंग घेतलं, लाकडी टेबलावर. २५. मग लॅबच्या माणसाने पिनच्या एका टोकाला ग्रीससारखी पेस्ट लावली आणि ती जाड लोखंडी प्लेटवर उभी करून दाबून, किंचित फिरवून बसवली. मशीनला छोटी रिंग लावली. त्याच अंगावर परत टक टक. २७. इन्स्पेक्टर स्वतःच म्हणाला, दोन अंक तर इथेच सापडले.

मग दुसरी पिन घेतली, अंगावरून पाव मिलिमीटर ग्राइंड केली, थंड पाण्याच्या धारेखाली. रीडिंग २९, २९, ३०. मग टोकाचा चेहरा ग्राइंड करून बेंचवरच्या रॉकवेलवर खरा एचआरसी. हिरा खाली येताना आम्ही तिघे काट्याकडे बघत होतो. २९.५, ३०, २९.५. या पिनांचा खरा एचआरसी मी पहिल्यांदाच बघितला.

तिसरी कापून, बेकेलाइटमध्ये बसवून, पॉलिश करून विकर्स. कडेपासून ०.०५ मिमीवर २३१, ०.१० वर २६४, ०.१५ वर २९३, ०.२० वर ३०१, आणि तिथून आत सगळीकडे ३०० च्या आसपास. मायक्रोस्कोपखाली मला दाखवलं: छोटे छोटे चौकोन एका रांगेत, कडेजवळचे मोठे, आत जाताना लहान होत गेलेले. कडेला धातूचा रंगही फिका. काकांनी न बघता सांगितलं होतं तेच.

ग्राइंडिंगला एका बाजूने पाव मिलिमीटर आहे, मऊ थर त्याच्या आत संपतो. पार्टीने लेखी मान्य केलं की तपासणी ग्राइंडिंगनंतर होईल. पिना वाचल्या. भट्टीवाल्याशीही बोललो, तो चिडला नाही. पुढच्या लॉटला भट्टीतल्या वातावरणाकडे लक्ष देतो म्हणाला, आणि रिपोर्टवर ठशाची जागा आणि व्यास दोन्ही लिहून देणार आहे.

एक विचारायचं राहिलं. पुढच्या पीओवर (परचेस ऑर्डरवर) मी हे लिहायचं ठरवलंय: 'काठिण्य २८ ते ३२ एचआरसी किंवा समतुल्य.' चालेल ना?

धातुवेल | शनिवार, रात्री १०:०५

खूप बरं वाटलं वाचून! पण 'किंवा समतुल्य' काढून टाका, दादा. तुमचं सगळं भांडण त्याच दोन शब्दांत बसलं होतं. भट्टीवाल्याकडे ब्रिनेल मशीन आहे, तर त्याला ब्रिनेलमध्येच मागा: '२७१ ते ३०१ एचबीडब्ल्यू १०/३०००, टोकाच्या चेहऱ्यावर, किमान ०.३ मिमी ग्राइंड करून'. पार्टीशी बोलून त्यांच्या ड्रॉइंगवरही तेच आणून घ्या. आणि कुठे रूपांतर करून द्यावंच लागलं तर प्रत्यक्ष मोजलेला आकडा आणि त्याचा स्केल शेजारी कंसात लिहायचा, एएसटीएम ई१४० तेच सांगतं.

भट्टीकाका | शनिवार, रात्री १०:२०

आणि डीकार्बची मर्यादाही घाला. 'एका बाजूने ०.२० मिमीपेक्षा जास्त नको'. तुमच्या पाव मिलिमीटरच्या ग्राइंडिंगमध्ये ते आरामात बसतं. भट्टीवाल्याला आधी माहीत असेल तर तो पिना रचतानाच काळजी घेतो.

साकीनाका_गाळा | शनिवार, रात्री १०:४५

दोन्ही ओळी पीओवर घातल्या, आत्ताच टाइप केल्या. कापलेल्या पिनचा बेकेलाइटमधला तुकडा लॅबने मला दिलाय. तो गाळ्यात मशीनजवळ ठेवतो, नव्या पोरांना दाखवायला. २३९ पिना सोमवारी सकाळच्या टेम्पोने ठाण्याला चालल्या आहेत.